बाद गड्यांची रांग

बोपोडी, पुणे
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय दादा,
स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. त्यातल्या बातमीचे दोन भाग आहेत, असं मी घरी सांगितलं. पहिला भाग, तू शिकागोतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडलीस. दुसरा, तू आयोवातल्या एका कॉलेजात फुटबॉल संघाचा मदतनीस कोच झालास. आई पहिल्या भागावरच थांबली. दुसरा भाग तिला संध्याकाळी पुन्हा सांगावा लागला.

दोन हजार साल लागताना संगणक बंद पडतील या भीतीने अमेरिका इथली माणसं विमानं भरभरून नेते आहे. अशा वेळी तू तिथे राहून नोकरी सोडलीस. माझ्या वर्गातल्या मुलींना हे कळलं तर त्या मला वहीसुद्धा द्यायच्या नाहीत.

बाबांचं सांगते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला सांगितलं, की ते यापुढे तुझ्याशी बोलणार नाहीत, आणि हे मी तुला कळवावं. कळवते आहे. त्यांचं म्हणणं असं, की त्यांनी इतकी वर्षं मंडळाच्या पोरांना कबड्डी शिकवली, पण कारखान्याचा भोंगा झाल्यावर. खेळ भोंग्यानंतर असतो. दिवसाढवळ्या, पगार घेऊन, कोणी खेळ शिकवतं का? मी म्हणाले, अमेरिकेत शिकवतात. ते म्हणाले, तिथे भोंगा नसेल.

शेजारच्या वेणूबाईंना आईने सांगितलं आहे, की तू कॉलेजात शिकवतोस. तांत्रिकदृष्ट्या यात चूक नाही.

ईमेल करू नकोस, पत्रच लिही. ईमेल माझ्या कॉलेजात येते आणि बाबा माझ्या कॉलेजात येत नाहीत. पत्र मी टेबलावर ठेवते. ते हात लावत नाहीत, पण सकाळी त्याच्या घड्या बदललेल्या असतात.

थंडी सांभाळ. लोभात कपात करू नये.

तुझी,
अक्षता


आयोवा
९ जानेवारी २०००

चि. अक्षता,
अ. उ. आ.

(तू मोठी झालीस तरी आशीर्वाद देण्याचा अधिकार मी सोडणार नाही.)

बाबांना पटेल अशा क्रमाने सांगतो. शिकत असताना मी इथल्या विद्यापीठात फुटबॉलच्या (इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचं आणि धावणाऱ्याला पाडायचं) कचेरीत टेपा कापायचं काम करत होतो, ते तुला माहीत आहे. प्रत्येक सामन्याचं चित्रण होतं, त्यातला एकेक डाव वेगळा करून ठेवायचा. एक दिवस मी तिथले बचावाचे कोच क्रॉमरसाहेब यांना विचारलं, की तुमचा तो बचावातला गडी समोरच्याच्या डोळ्यांकडे का बघतो, कमरेकडे का बघत नाही? डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास. मी म्हणालो, आमच्याकडे एक खेळ आहे, त्यात चेंडू नसतो. एक माणूस सात जणांत शिरतो आणि एका श्वासात परत येतो. ते खूप हसले. मग ते या कॉलेजचे मुख्य कोच झाले आणि त्यांनी मला शिकागोत फोन केला.

इथली शिडी अशी. सगळ्यात खाली मी. सरावासाठी जाड पेनाने समोरच्या संघाचे डाव पुठ्ठ्यावर काढतो, टेपा कापतो, कॉफी आणतो. त्याच्यावर एका जागेच्या गड्यांचा कोच, त्याच्यावर पूर्ण बचावाचा कोच, आणि सगळ्यांत वर मुख्य कोच. जवळपास प्रत्येक पायरीला गाव बदलतं. आणि एक गोष्ट आईला सांगू नकोस. मुख्य कोचला काढलं, की त्याची सगळी माणसं त्याच दिवशी जातात.

मुलं मला सॅम म्हणतात. एकेक जण आपल्या कोठीच्या कपाटाएवढा आहे. मी ओरडलो तर ऐकतात, याचं मला रोज नव्याने आश्चर्य वाटतं.

एका सामन्याची टेप वेगळी पाठवतो. तुझ्यासाठी. आणखी कोणी पाहिली तर माझी हरकत नाही.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तरी दर पत्रात लिहीत जा.

तुझा,
दादा


बोपोडी, पुणे
५ मार्च २०००

प्रिय दादा,
स. जयभीम, वि. वि.

टेप मिळाली. तू इंजिनिअर असूनही विसरलास, की अमेरिकेतली टेप आपल्या व्हिडिओवर नीट चालत नाही. चित्र काळंपांढरं आलं आणि पडद्यावर खालून वर सरकत राहिलं. मी ती बुधवार पेठेत नेऊन आपल्या पद्धतीत उतरवून आणणार होते. पण आणेपर्यंत धीर कोणाला? मी कॉलेजातून आले तर बाबा खुर्ची टीव्हीला चिकटवून बसले होते आणि मान चित्राबरोबर वर नेत होते. मला पाहून म्हणाले, बातम्या लागल्या आहेत का बघत होतो.

नंतर रंगीत टेप आली आणि आता ती घरात सगळ्यांची झाली आहे. बाबांचा निरोप पुढीलप्रमाणे. “त्याला सांग” अशी सुरुवात आहे, ती तू समजून घे. एक, तुमचे गडी एकटे-एकटे पकड करायला जातात, हे मूर्खपणाचं आहे. दोन, दोघांनी हात धरून साखळी करावी, म्हणजे चेंडूवाला मधे सापडेल. तीन, तू मैदानाच्या कडेला उभा दिसतोस ते ठीक, पण खिशातून हात काढ.

आईने टेपमध्ये फक्त तुझी टोपी पाहिली. कानटोपी घालावी, असं तिचं मत आहे.

मी परीक्षेच्या तयारीत आहे. हिंजवडीत एका कंपनीने कॉलेजात येऊन मुलाखती घेतल्या, त्यात माझी निवड झाली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायचं काम आहे. बाबा म्हणाले, हे तुला घरी बसूनही जमत होतं.

लोभ टेपेसारखा सरकता नसावा.

अक्षता


आयोवा
२ डिसेंबर २००१

चि. अक्षता,
अ. उ. आ.

हे पत्र आधी एकटीने वाच.

साखळीचा प्रयोग गेल्या वर्षी मी खरंच करून पाहिला होता, हे तुला लिहायचं राहिलं. एकशेतीस किलोचे दोन गडी हात धरून धावले, एकमेकांवर आदळले आणि चेंडूवाला त्यांच्यावरून उडी मारून गेला. क्रॉमरसाहेब गवतावर बसून हसले. ते दिवस आता आठवतात, कारण हा मोसम फार वाईट गेला. एका मागोमाग एक हरत राहिलो. शेवटचा सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना काढलं. दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांच्या खोल्यांच्या चाव्या परत घेतल्या.

कोणी रडलं नाही. बचावाचे कोच पेटीत कप भरता भरता म्हणाले, की हे त्यांचं पाचवं गाव. साहेब म्हणाले, कुठेतरी काम मिळालं की बोलावतो. पण ते कधी मिळेल, मिळेल का, कोणी सांगू शकत नाही, आणि मी परदेशी माणूस. नोकरी नसताना मला इथे फार दिवस थांबता येणार नाही. सॉफ्टवेअरच्या कंपन्यासुद्धा सध्या माणसं काढत आहेत.

मला अजून या कामाचा कंटाळा आलेला नाही. एवढंच मला नक्की सांगता येतं.

बाबांना काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्या लोभावर यावेळी जरा जास्त भार टाकतो आहे.

दादा


बोपोडी, पुणे
१६ डिसेंबर २००१

प्रिय दादा,
स. जयभीम, वि. वि.

पत्र एकटीने वाचलं. मग टेबलावर ठेवलं. लपवलं असतं तर बाबांनी मला विचारलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. ते कसब तुझ्याकडे होतं.

मी एक केलं आहे. आमच्या कंपनीत तुझा अर्ज दिला. मंदी आहे, पण तुझ्यासारख्या अनुभवाचा माणूस त्यांना एका कामासाठी हवा आहे. नेमणूक करणाऱ्या शेफाली मॅडमनी तुझी माहिती पाहिली आणि होकार जवळपास दिला. फेब्रुवारीत रुजू व्हायचं. कंपनीची बस खडकीच्या चौकातून सुटते. मी खिडकीकडे बसते, पण जागा बदलता येईल.

आईने तुझ्या खोलीतली शिलाईची मशीन बाहेर काढली आहे. पत्राच्या घड्या या खेपेला इतक्या वेळा बदलल्या आहेत, की कागद फाटायला आला आहे.

तू ठरव. तुझ्या ठरवण्याबद्दल मला काही बोलायचं नाही. फक्त लवकर कळव, म्हणजे जागा अडवून ठेवता येईल.

लोभाचं म्हणशील तर त्यात मंदी नाही.

अक्षता


आयोवा
३ जानेवारी २००२

चि. अक्षता,
अ. उ. आ.

येतो. साहेबांचा फोन आलेला नाही. आणखी वाट पाहणं म्हणजे तुम्हाला टांगून ठेवणं.

तू खिडकीकडेच बस. मी वाटेकडे बसेन.

तुझ्या लोभाचा ऋणी,
दादा


बोपोडी, पुणे
२४ जानेवारी २००२

प्रिय दादा,
स. जयभीम, वि. वि.

हे पत्र मी शक्य तितक्या शांतपणे लिहिते आहे. तुझी इथली नोकरी गेली. बाबांनी घालवली. घडलं त्या क्रमाने सांगते.

तुझं “येतो” असं पत्र आल्यावर बाबांनी मला एक प्रश्न विचारला. तुझ्या त्या खेळात कोच लोक बाद झाले, की पुन्हा कोण आधी उठतो? मी तुझी जुनी पत्रं आठवून सांगितलं, की आधी मुख्य कोचला कुठेतरी काम मिळतं, मग तो आपल्या माणसांना एकेक करून बोलावतो. बाबा म्हणाले, अरे, मग हे तर आपलंच आहे.

तुला नियम माहीत आहे, तरी बाबांनी मला ज्या गांभीर्याने सांगितला तसा लिहिते. कबड्डीत गडी बाद झाला, की तो घरी जात नाही. कडेला रांगेत बसतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी टिपला, की रांगेतला पहिला उठतो. आधी बाद झालेला आधी उठतो. बाबांच्या मंडळात तर बाद गड्याने पाठ ताठ ठेवून, डोळे मैदानावर ठेवून बसायचं, आणि बाबा स्वतः खुर्ची न घेता त्या रांगेच्या शेवटी जमिनीवर बसायचे. जो रांग सोडून पाणी प्यायला गेला, त्याला ते पुढच्या सामन्यात घेत नसत. आता त्यांचा स्वतःचा मुलगा रांग सोडून हिंजवडीत पाणी प्यायला येतो आहे, असं त्यांचं मत झालं.

मंगळवारी मी कामावर गेल्यावर ते दोन बस बदलून हिंजवडीला आले. अंगात कबड्डीच्या सामन्यांत घालायचा पंचाचा निळा कोट, खिशावर बिल्ला. फाटकावर विचारलं, कोणाकडे काम आहे. ते म्हणाले, मी पंच आहे. फाटकावरचा भैरू तिथल्याच गावचा, पूर्वी गावच्या संघात खेळलेला. त्याने बाबांना ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि गुरुजी तुमी हितं कसं काय, म्हणत थेट आत आणलं. आमच्या इमारतीत ओळखपत्राशिवाय आत आलेला हा पहिला माणूस असावा.

शेफाली मॅडम दिल्लीच्या. बाबा त्यांना मराठीत सांगू लागले, की मुलाचा अर्ज परत द्या, तो सध्या बाद आहे, पण त्याचा नंबर लागायचा आहे. मॅडमना वाटलं हे गृहस्थ मोर्चा घेऊन आले आहेत. त्यांनी मला खाली बोलावलं. स्वागतकक्षात पंधरा-वीस माणसांसमोर मी बाबांच्या वाक्यांचं इंग्रजी केलं. एकही शब्द गाळला नाही. मॅडम म्हणाल्या, म्हणजे त्यांना दुसरी नोकरी मिळाली का? मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, नाही, पण तो बसला आहे. मी तेही सांगितलं. अर्ज मागे घेण्याचं कारण संगणकावर निवडावं लागतं. “अधिक चांगली संधी”, “घरगुती अडचण” आणि “इतर”. मी “इतर” निवडलं.

परत येताना ड्रायव्हरने बाबांना कंपनीच्या बसमध्ये घेतलं. ते वाटेकडच्या जागेवर बसले. वाकडच्या पुढे त्यांनी विचारलं, की तुला तो परत यायला हवा होता ना? मी म्हणाले, त्याच्या नोकरीशी याचा संबंध नाही. ते म्हणाले, उत्तर मिळालं. मग झोपले, आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. खडकी येईपर्यंत मी हलले नाही.

त्यांचा निरोप: “त्याला सांग, पाठ ताठ ठेव.” तुझ्याशी ते अजून बोलत नाहीत. तो मुद्दा वेगळा आहे, असं म्हणाले.

आई रागावली आहे, पण शिलाईची मशीन परत आत नेताना पंचाचा कोट आठवून हसली.

थांबता येईल तेवढं थांब. माझा लोभ बाद होण्याच्या नियमात बसत नाही.

अक्षता


मिनेसोटा
१० मार्च २००२

चि. अक्षता,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभा राहून इतका हसलो, की घरमालकीण बघायला आली. मग हसू थांबलं आणि मी खाली जमिनीवर बसलो. पाठ ताठ होती, असं बाबांना सांग.

विमानाचं तिकीट रद्द केलं. इथे राहण्याची मुदत संपत आली होती. आठवडाभर बाकी असताना साहेबांचा फोन आला. त्यांना मिनेसोटात एक अगदी छोटं कॉलेज मिळालं आहे. आधी त्यांनी बचावाच्या कोचला बोलावलं, मग आक्रमणाच्या, आणि तिसरा मी. तिसरा, अक्षता! माझ्याआधी आणखी दोघांचा नंबर होता, पण त्यांनी दुसरी कामं धरली होती, ते रांगेत नव्हते. साहेबांनी मला पहिला प्रश्न विचारला, की अजून मोकळा आहेस ना? मी बाबांचा नियम त्यांना सांगितला. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना कामाला घेतलं असतं.

आता मी बचावाच्या मधल्या फळीचा कोच आहे. हे कॉलेज इतकं लहान आहे, की सामन्यानंतर जर्सी धुवायलाही मीच असतो. शिडीची एक पायरी वर आणि धुण्याची एक बादली जास्त.

खिडकीकडची जागा सोडू नकोस.

बाबांना साष्टांग, तुझ्यामार्फत. लोभ असाच पाठीशी उभा असू दे.

दादा


मिनेसोटा
२० जानेवारी २००८

चि. अक्षता,
अ. उ. आ.

फोनवर ओरडून सांगितलंच आहे, पण टेबलावर ठेवण्यासाठी लिहितो. क्रॉमरसाहेब निवृत्त झाले. काल कॉलेजने त्यांच्या जागी मला नेमलं. मुख्य कोच. साहेबांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, हिला सांभाळ, हिच्यावर माझे दात उमटले आहेत.

इथल्या वर्तमानपत्राने माझं आडनाव चुकवून छापलं. मला चालतं.

सहा वर्षांत दोनदा घरी आलो. दोन्ही वेळा बाबा एकाच खोलीत बसून तुझ्यामार्फत माझ्याशी बोलले. मी जेवलो का, हेही त्यांनी तुला विचारलं. आता तरी काही फरक पडेल का, एवढं बघून कळव. इतका आनंद झाला आहे, पण तेवढ्याशिवाय तो मला कुठे ठेवावा कळत नाही.

तुझ्या लोभाचं जुनं गिऱ्हाईक,
दादा


बोपोडी, पुणे
६ फेब्रुवारी २००८

चि. समाधान यास भीमराव यांचे अ. उ. आ.

तुझे पत्र वाचले. आजवर तू बाद होणारा होतास. आता बाद करणारा झालास. म्हणून हे लिहितो.

तू लहान असताना विचारले होतेस, की बाबा तुम्ही खुर्चीवर का बसत नाही. मी म्हणालो होतो, मंडळाकडे खुर्ची एकच आहे आणि ती पाहुण्यांसाठी. ते खोटे नव्हते. पण रांगेच्या शेवटी बसले की बाद झालेल्या पोराचा श्वास ऐकू येतो. तो दमला आहे की रागावला आहे, ते कळते. उभे राहून कळत नाही. तुझ्या सगळ्या टेपांत तू उभा आहेस. आता बसत जा.

मी तुझ्याशी बोलत नव्हतो. त्याला कारण होते. कारण संपून बरीच वर्षे झाली, सवय राहिली. यापुढे अक्षताला मधे घालण्याची गरज नाही.

साखळीबद्दल माझे मत कायम आहे. तुमचे गडी हात नीट धरत नसतील.

आईचे आशीर्वाद. तिचे म्हणणे, कानटोपी.

तुझा,
बाबा


बोपोडी, पुणे
१७ ऑगस्ट २००८

प्रिय दादा,
स. जयभीम, वि. वि.

आई-बाबांचं विमान परवा रात्रीचं आहे. बाबांनी पंचाचा कोट इस्त्री करून घेतला आहे. विमानतळावर बिल्ला काढावा लागेल, हे मी सांगितलं. ते म्हणाले, बघू.

फेब्रुवारीपासून तुझी आणि बाबांची पत्रं थेट चालू आहेत. ते टेबलावर ठेवत नाहीत, उशीखाली ठेवतात. मला काय लिहिलं ते विचारलं, तर खेळाबद्दल आहे म्हणतात. म्हणजे निरोप पोचवण्याचं माझं काम संपलं. काम सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझ्या हाताखाली चुका शोधणारी अकरा माणसं आहेत. इतकी वर्षं एकही निरोप मी गाळला नाही की बदलला नाही, एवढी नोंद व्हावी.

थोडक्यात, मला बाद केलं आहे. मी रांगेत बसले आहे. घरात कोणी नाही, तरी पाठ ताठ आहे.

तुझ्या पहिल्या सामन्याच्या वेळी आमच्याकडे नवा प्रोग्रॅम चालू व्हायचा आहे, म्हणून मला येता येत नाही. ऑक्टोबरात मात्र माझी बरीच रजा शिल्लक आहे. हे केवळ माहितीसाठी.

बाबांना मैदानाजवळ फार जाऊ देऊ नकोस. लोभाची रांग मी सोडणार नाही.

अक्षता


मिनेसोटा
७ सप्टेंबर २००८

चि. अक्षता,
अ. उ. आ.

काल बाबांना दहाव्या रांगेत, चांगल्या खुर्चीवर बसवलं होतं. पहिल्या पावात (इथे सामन्याचे चार पाव भाग असतात) ते तिथे नव्हते. राखीव गड्यांच्या बाकाच्या टोकाला, गवतावर, निळा कोट घालून बसले होते. पंचाने येऊन हरकत घेतली. बाबांनी खिशावरचा बिल्ला दाखवला. तो बिचारा वाचत राहिला, आणि मग सलाम करून गेला.

तिसऱ्या पावात माझ्या एका गड्याच्या हातून चेंडू सुटला, मी त्याला बाहेर काढलं. तो टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर बसला. मी जाऊन त्याच्याशेजारी खाली बसलो. पलीकडे बाबा होते. पोराचा श्वास ऐकू येत होता. मग त्याला परत पाठवला, आणि शेवटच्या मिनिटात त्यानेच समोरचा चेंडूवाला पाडला. कमरेकडे बघून.

एकवीस-वीस. आपण जिंकलो, अक्षता. आई कानटोपी हवेत फेकून ओरडत होती.

बाबांनी गवतावरून उठताना माझा हात धरला आणि मला स्वतः, थेट, विचारलं, की आपला संघ जिंकला, मग रांगेतली पोरगी अजून बसलेली का?

ऑक्टोबरच्या सामन्याचं तिकीट आणि विमानाचं, दोन्ही सोबत आहेत. खिडकीकडची जागा आहे.

ऊठ.

दादा